मॅस्टोडॉनवर नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

ट्विटरवर कुणाचं अकाउंट बंद झालं किंवा मालक बदलला की आपल्याकडे चार-आठ दिवस "चला मॅस्टोडॉनवर" सुरू होतं. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण अनेक स्वतंत्र सर्व्हरवर पसरलेलं समाजमाध्यम. 2019च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं अकाउंट ट्विटरने बंद केलं, तेव्हा भारतातून मोठी लाट आली. मी त्या लाटेतला. ऑक्टोबर 2022मध्ये इलॉन मस्कने ट्विटर घेतल्यावर पुन्हा एक आली. दोन्ही वेळी आलेल्यांतले बरेच जण परत गेले, आणि "तिथे कोणीच नसतं" हे कारण ठरलेलं. माणसं आहेत हो, पण त्यांना तुमच्यासमोर आणून उभं करणारा अल्गोरिदम इथे नाही. ते काम आपलं आपल्याला करावं लागतं.

पहिली अडचण सर्व्हर निवडायची. अर्धी मंडळी तिथेच वैतागतात. मॅस्टोडॉन म्हणजे ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या प्रोग्रॅमरने 2016मध्ये आणलेलं मुक्त सॉफ्टवेअर. ते हजारो लोकांनी आणि संस्थांनी आपापल्या सर्व्हरवर बसवलंय. हे सर्व्हर एकमेकांशी अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या नियमांनी, बोलतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी 2018मध्ये तो मानक म्हणून मंजूर केला. कोणीही वापरावा, कुणाला विचारावं लागत नाही. जीमेलवरून याहूवर मेल जाते तसंच इथे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्याला फॉलो करतो. पत्ताही त्याच थाटाचा: @नाव@सर्व्हर.

काहीच ठरत नसेल तर सरळ मॅस्टोडॉन डॉट सोशलवर अकाउंट काढा. तो मॅस्टोडॉन बनवणारी संस्था स्वतः चालवते. इथले जुनेजाणते यावर नाक मुरडतील: सगळे एकाच सर्व्हरवर गोळा झाले तर मग विकेंद्रित कसलं? तत्त्व म्हणून त्यांचं बरोबर आहे. पण मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला सुरुवातीला मोठा सर्व्हरच बरा पडतो, आणि त्याला कारण आहे.

तुमच्या सर्व्हरला सगळं फेडिव्हर्स, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांचं हे जाळं, दिसत नसतं. त्या सर्व्हरवरचं कोणीतरी ज्याला फॉलो करतं, मुख्यतः त्याच्याच पोस्टी तिथे येऊन पडतात. समजा, तुम्ही शे-दोनशे लोकांच्या एखाद्या जर्मन सर्व्हरवर गेलात आणि #मराठी शोधलंत. तुमच्याआधी तिथे मराठी माणूस आलेलाच नसेल, तर बहुधा पान कोरं येईल. तोच शोध मोठ्या सर्व्हरवर घ्या, पोस्टी दिसतील. हॅशटॅग फॉलो करायची सोय आहे आणि ती जरूर वापरा, पण तिलाही हीच मर्यादा लागू आहे.

यावरचा उपाय कंटाळवाणा पण हमखास आहे. ओळखीच्या माणसाचा पूर्ण पत्ता, सर्व्हरच्या नावासकट, शोधायच्या चौकटीत टाका. तुमचा सर्व्हर त्याला शोधून आणेल. प्रोफाइल उघडल्यावर पोस्टी दिसल्या नाहीत तर "हा काही लिहीतच नाही" म्हणून मागे फिरू नका. जुन्या पोस्टी तुमच्या सर्व्हरवर आलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्या त्याच्या मूळ सर्व्हरवर जाऊन वाचता येतात, आणि फॉलो केल्यावर पुढच्या आपोआप येतात. मग तो कोणाला फॉलो करतो ते बघा, त्यातले आवडतील ते उचला. पहिल्या आठवड्यात पन्नासेक जण गोळा केलेत की टाइमलाइनला जान येते. सगळं वेळेच्या क्रमाने दिसतं, त्यामुळे न्यू जर्सीतला मराठी माणूस रात्री जेवण आटपून लिहितो ते आपल्याला सकाळच्या चहाबरोबर मिळतं.

आता एक बारीक गोष्ट, जी मराठी मंडळींना कोणी सांगत नाही. पोस्ट लिहायच्या चौकटीत भाषेचं बटण असतं. फोन इंग्रजीत असेल तर तिथे बहुतेक वेळा इंग्रजीच निवडलेली असते आणि आपण मराठी लिहून तशीच पोस्ट पाठवतो. परिणाम दोन. सार्वजनिक फीडमध्ये फक्त मराठी पाहायची असं ज्याने ठरवलंय, त्याला तुमची पोस्ट दिसत नाही. आणि इंग्रजी वाचणाऱ्याला भाषांतराचं बटण मिळत नाही, कारण त्याच्या अ‍ॅपच्या लेखी ती पोस्ट इंग्रजीतच आहे! तेव्हा ते बटण दाबा आणि यादीतून मराठी निवडा. सेटिंगमध्ये पोस्टची भाषा कायमची ठरवूनही ठेवता येते.

हॅशटॅगमध्येही आपला घोळ होतो. #पुस्तक, #पुस्तके आणि #पुस्तकं हे तीन वेगळे टॅग आहेत, आणि मध्ये जागा सोडली की टॅग तिथेच संपतो. 'मराठी पुस्तके' हवं असेल तर #मराठीपुस्तके असं सलग लिहा. हॅशटॅगचा आळस मात्र करू नका. तुमच्या पोस्टीतले शब्द शोधून पोस्ट सापडावी ही सोय सप्टेंबर 2023मध्ये आली खरी, पण ती तुम्ही 'गोपनीयता' विभागात जाऊन चालू केली तरच लागू होते.

आवडलेल्या पोस्टीला तारा देऊन थांबू नका. ताऱ्याची सूचना फक्त लिहिणाऱ्याला जाते. पोस्ट पुढे जाते ती बूस्टने, म्हणजे ती आपल्या फॉलोअरांपुढे पुन्हा मांडल्याने. ट्विटरवरून आलेले लोक तारे वाटत सुटतात आणि मग मराठी पोस्टी फिरत नाहीत म्हणून तक्रार करतात. फोटो टाकलात तर त्याचं दोन ओळींत वर्णन लिहा. इथे दृष्टिहीन वाचक आहेत, आणि वर्णन नसलेला फोटो बूस्ट न करणारेही पुष्कळ आहेत. राजकारण, क्रिकेटचा निकाल, चित्रपटाचा शेवट यांच्यावर इशाऱ्याची ओळ (उघडेपर्यंत तिच्यामागे पोस्ट झाकलेली राहते) टाकायची पद्धत आहे. सक्ती नाही, पण शेजारधर्म म्हणून पाळावी.

खाजगी संदेशाबद्दल मात्र कान उघडे ठेवून ऐका. तो व्हॉट्सअ‍ॅपसारखा एन्क्रिप्टेड नसतो. दोन्ही बाजूंचे सर्व्हर चालवणारे अ‍ॅडमिन तांत्रिकदृष्ट्या तो वाचू शकतात. शिवाय हा संदेश म्हणजे ज्यांची नावं त्यात आहेत त्यांनाच दिसणारी पोस्ट असते. म्हणजे मैत्रिणीला खाजगीत लिहिताना "त्या @अमुकतमुकला काही कळत नाही" असं @ लावून लिहिलंत, तर ते अमुकतमुकच्याही हातात पडतं. उखाळ्यापाखाळ्या काढायच्या तर @ वगळून काढा, नाहीतर फोन करा.

सर्व्हर पटला नाही तर हलता येतं. नव्या अकाउंटवर जुन्याची नोंद करायची, मग जुन्यावरून 'हलवा' म्हणायचं. फॉलोअर आपोआप मागोमाग येतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची आणि ब्लॉक केलेल्यांची यादी फाइल म्हणून उतरवून नव्या जागी चढवावी लागते. लिहिलेल्या पोस्टी मात्र जुन्या जागीच राहतात. एकदा हललात की 30 दिवस पुन्हा हलता येत नाही.

या सगळ्याला जुना सर्व्हर चालू असावा लागतो, आणि सर्व्हर बंद पडतात. अ‍ॅडमिन थकतो, पैसे संपतात. कधी पत्ताच जातो: क्वीअर डॉट एएफ नावाचा सर्व्हर होता, त्याच्या पत्त्यातलं एएफ अफगाणिस्तानचं. फेब्रुवारी 2024मध्ये तिथल्या तालिबानी राजवटीच्या दळणवळण मंत्रालयाने तो पत्ताच बंद केला. म्हणून लहान सर्व्हर घेताना त्याचं माहितीचं पान वाचा: चालवतं कोण, खर्च कुठून निघतो, कुठले सर्व्हर ब्लॉक केलेत. देणगी मागत असतील तर ऐपतीप्रमाणे द्या, फुकट काहीच चालत नाही. आणि फॉलोची यादी अधूनमधून उतरवून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

मेटा कंपनीच्या थ्रेड्सवरच्या नातेवाइकांनी फेडिव्हर्सची सोय चालू केली असेल तर त्यांनाही इथूनच फॉलो करता येतं, मात्र काही सर्व्हरनी थ्रेड्सला सरसकट ब्लॉक केलंय. ब्लूस्काय हे दुसरं समाजमाध्यम वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतं. तिथल्या माणसाने दोन्हींना जोडणाऱ्या ब्रिजी फेडची सेवा घेतली असेल तरच तो इथे दिसतो.

बाकी अडलं तर #मराठी लावून विचारा. उत्तर मिळतं, फक्त तासाभरात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.