लॅबचं पिल्लू नीट वाढतंय का, घरच्या घरी कसं बघायचं

पिल्लू घेऊन खाली उतरलं की सोसायटीतले एक काका हमखास म्हणणार, अहो याला खायला घालता की नाही, किती वाळलंय! लोकांना लॅबचं, म्हणजे लॅब्राडोरचं, पिल्लू कॅलेंडरवर असतं तसं गुबगुबीतच हवं असतं. काकांना हसून नमस्कार करा आणि पुढे चला, कारण मोठ्या जातीचं पिल्लू, लॅब असो, जर्मन शेफर्ड असो, ग्रेट डेनचं तर विचारूच नका, सडपातळ आणि सावकाश वाढलेलंच बरं. हाडांच्या टोकाची वाढीची जागा वर्ष-दीड वर्ष कच्ची असते आणि तोवर अंगावर जास्तीचं वजन चढलं की खुब्याचं, कोपराचं दुखणं मागे लागू शकतं. जास्त खाऊन शेवटी उंची काही जास्त मिळत नाही, ती आईबापावर जाते.

वजन दर रविवारी, चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत, मग पंधरा दिवसांनी चालतं. सकाळी शी-शू झाल्यावर, खाण्याआधी, आणि काटा दरवेळी तोच. आधी काट्यावर एकटे उभे रहा, मग त्याला उचलून. मी 68.4, दोघं मिळून 80.9, म्हणजे पिल्लू साडेबारा. वळवळतं खूप, म्हणून तीनदा घ्यायचं. वीसच्या पुढे गेलं की हे जमत नाही (माझी कंबर धरली होती एकदा), मग दवाखान्यातला मोठा काटा. मी तर आमच्या रद्दीवाल्याकडे जातो, पेपरच्या गठ्ठ्याच्या जागी हा बसतो, बिस्किटाचा तुकडा नाकासमोर धरला की पाच सेकंद हलत नाही.

आता आकडे. लॅबचा नर मोठेपणी साधारण 29 ते 36 किलो, मादी 25 ते 32, आणि पाचेक महिन्यांचं होईतो त्याच्या निम्मं वजन झालेलं असतं. पण शेजारच्याच्या लॅबशी तुलना करत बसू नका, आपल्याच पिल्लाची रेष बघा. वॉल्थम या पाळीव प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे ग्रोथ चार्ट नेटवर फुकट मिळतात, मोठेपणी 40 किलोपर्यंत जाणाऱ्या कुत्र्यांसाठी, बाळाच्या डॉक्टरांकडे असतात तसलेच. खालच्या रेषेने चाललंय पण त्याच रेषेने चाललंय, तर काळजी नको. रेषा ओलांडत वर किंवा खाली सरकायला लागलं की शोध घ्यायचा.

आमचा साडेचार महिन्यांचा असताना पंधरा दिवसांत 3.2 किलो वाढला आणि मी चक्रावलो, कारण खाणं मी स्वतः मोजून देत होतो. चौकशी केली तर आई दुपारी तूप लावलेली पोळी देतेय, मुलगी डब्यातलं उरलेलं, आणि खाली वॉचमन ग्लुकोजची बिस्किटं. लपवलं कोणीच नव्हतं, मीच विचारलं नव्हतं! तेव्हापासून फ्रिजवर कागद लावलाय, जो देईल त्याने लिहायचं. असलं वरचं खाणं दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ड्राय फूड किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा, वाटी प्रत्येकाच्या हातून वेगळी भरते. आणि ते केविलवाणे डोळे! 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सापडलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी जीनचा तुकडाच गायब असतो, त्यांना पोट भरल्याचं नीट कळतच नाही.

काट्याइतकंच हाताने बघणं महत्त्वाचं. मूठ वळा आणि बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा, बरगड्या अशा टोचल्या तर पिल्लू बारीक आहे. मग हात सपाट धरून वरच्या बाजूने चाचपा, बोटांच्या मुळाशी हाडं हलकीच लागतात, बरगड्या तशा लागल्या की झकास. तळहातासारखी गादी लागली तर खाणं कमी करा. वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे, बाजूने पोट वर गेलेलं. अमेरिकेत 48 लॅबवर जन्मभर अभ्यास झाला होता, 2002 मध्ये निकाल आला, जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला चौथा हिस्सा कमी खायला दिलं, तर कमी खाणारे साधारण 13 वर्षं जगले आणि दुसरे 11.2.

कॅल्शियमच्या सिरपचं मात्र आपल्याकडे भयंकर प्रस्थ आहे. पिल्लू आणलं की कोणीतरी बाटली हातात देतंच, हाडं मजबूत होतील म्हणून. लहान पिल्लाला, साधारण सहा महिन्यांपर्यंत, जास्तीचं कॅल्शियम पोटातून शोषायचं थांबवता येत नाही, त्यामुळे लार्ज ब्रीड पपी असं लिहिलेलं फूड चालू असेल तर वरून सिरप घातलं की हाडं बिघडू शकतात. उलट घरचंच चिकन-भात देत असाल तर त्यात कॅल्शियम फारच कमी पडतं आणि पाय वाकतात. तेव्हा घरच्या खाण्याचं गणित डॉक्टरांकडूनच करून घ्या, दुकानदाराकडून नको.

पोट टम्म आणि बरगड्या मात्र दिसतायत, तर बहुतेक जंत, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ते तपासा. लंगडतंय, पुढचे पाय बाहेर वळलेत, जिना चढायला कुरकुर करतंय, किंवा वजन वाढायचंच थांबलंय आणि अंगावर गोचिडी आहेत, तर रविवारची वाट बघू नका. डॉक्टरांकडे जाताना वजनाची वही घेऊन जा, आमच्या डॉक्टरांनी पिल्लाला हात लावायच्या आधी तीच मागितली होती.