ॲम्बेसेडरच्या पेट्रोल इंजिनात डिस्ट्रिब्युटर बसवताना

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये पांढऱ्या ॲम्बेसेडरांची रांग लागत असे, तो काळ नागपूरकरांच्या चांगला स्मरणात आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन असलेल्या काही गाड्या शहरात अजून हौसेने सांभाळल्या जातात. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला योग्य क्षणी ठिणगीची वीज वाटून देणारा भाग, काढून बसवण्याची पुढील पद्धत त्या इंजिनासाठी आहे. तत्त्व इतर जुन्या पेट्रोल गाड्यांनाही लागू पडते, मात्र फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम), रोटरची (डिस्ट्रिब्युटरमधील फिरत्या टोकाची) दिशा आणि टाइमिंगचे (ठिणगी पडण्याच्या क्षणाचे) अंश त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

डिस्ट्रिब्युटर सदोष आहे याची खात्री आधी करावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की सिग्नलवर थांबलेली जुनी गाडी बंद पडते आणि दोष लगेच डिस्ट्रिब्युटरवर ढकलला जातो. प्रत्यक्षात अनेकदा पेट्रोलची वाफ होऊन पंपाचा पुरवठा तुटलेला असतो. गाडी बंद पडल्याबरोबर एक प्लग काढून त्याला वायर जोडावी, प्लगचे धातूचे अंग इंजिनला टेकवावे आणि मोकळ्या झालेल्या भोकापासून व कार्बोरेटरपासून तो दूर ठेवून स्टार्टर फिरवून ठिणगी पाहावी. ठणठणीत निळसर ठिणगी पडत असेल तर इग्निशनला हात लावू नये. थंड असताना व्यवस्थित चालणारी आणि तापल्यावर ठिणगी न देणारी गाडी असेल, तर संपूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलण्याआधी कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा भाग) आणि कॉइल (प्लगसाठी उच्च दाबाची वीज बनवणारे वेटोळे) तपासणे स्वस्त पडते. रोटरचा दांडा हाताने आडवा हलवून पाहावा. बुश (दांड्याला आधार देणारी नळी) झिजल्यामुळे तो जाणवण्याइतका हलत असेल तर पॉइंटचा (कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचा) गॅप कधीच स्थिर राहणार नाही, आणि अशा वेळी मात्र बदलणे किंवा नवीन बुश बसवणे अपरिहार्य आहे.

काढण्याआधी

या कामातील अर्धे यश जुना डिस्ट्रिब्युटर जागेवर असतानाच पदरात पडते. इंजिन थंड असावे. प्रथम प्रत्येक प्लग वायरवर तिच्या सिलिंडरचा क्रमांक चिकटवावा. रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर पहिला. त्यानंतर सर्व प्लग काढून हँडलने इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवावे आणि पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरावा. आतून दाब येऊ लागला की कॉम्प्रेशन स्ट्रोक (पिस्टन वर येऊन मिश्रण दाबण्याचा टप्पा) सुरू झाला असे समजावे, व पुढे अगदी हळू फिरवत पुलीवरची खाच टाइमिंग कव्हरवरील योग्य सूचकासमोर आणून थांबावे. खाच मागे नेण्यासाठी इंजिन उलटे फिरवू नये, कारण टाइमिंग चेनमधील सैलपणामुळे मोजमाप चुकते. खाच पुढे गेली तर आणखी दोन फेरे पूर्ण करून पुन्हा यावे.

अंगठ्याची ही परीक्षा कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये. चार स्ट्रोकच्या एका चक्रात खाच सूचकासमोर दोनदा येते, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, आणि दुसऱ्या वेळी बसवलेला डिस्ट्रिब्युटर भलत्याच क्षणी ठिणगी देतो. परिणामी गाडी सुरू होत नाही, शिवाय कार्बोरेटरमधून भडका येण्याचा धोका राहतो. शंका वाटल्यास रॉकर कव्हर उघडावे: पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर मोकळे आणि चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडझाप करण्याच्या बेतात असतील, तर स्थिती बरोबर आहे.

आता बॅटरीची वायर सोडवावी, डिस्ट्रिब्युटरचे वरचे झाकण म्हणजे कॅप काढावी आणि रोटरचे टोक जिथे आहे तिथे डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर खूण करावी. दुसरी खूण डिस्ट्रिब्युटर आणि ब्लॉक यांच्यावर समोरासमोर करावी. सुट्या भागांवरच्या धुळीत बोटाने केलेली खूण पुसली जाते, म्हणून पांढरा रंग किंवा खरवडणी बरी. मोबाइलवर दोन-तीन छायाचित्रे घेऊन ठेवली तर उत्तमच. कॉइलकडून येणारी बारीक वायर आणि व्हॅक्यूमची नळी सोडवून क्लॅम्प-प्लेट ब्लॉकला धरणारे बोल्ट काढावेत आणि डिस्ट्रिब्युटर सरळ वर ओढावा. तोच डिस्ट्रिब्युटर परत बसवायचा असेल तर क्लॅम्पचा आवळता बोल्ट मुळीच सैल करू नये, कारण तो न हलवल्यास पूर्वीचे टाइमिंग जवळपास जसेच्या तसे परत मिळते. डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना कोणीही स्टार्टर मारणार नाही, याची काळजी घ्यावी.

पॉइंटचा गॅप

गॅप बदलला की टाइमिंग बदलते. म्हणून हे काम टाइमिंगच्या आधीच उरकावे. बाकावर डिस्ट्रिब्युटर धरून पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर येईल इतका दांडा फिरवावा आणि फिलर गेजने ०.३६ ते ०.४१ मिलिमीटर गॅप ठेवावा, जे ल्युकास बनावटीच्या या डिस्ट्रिब्युटरचे नेहमीचे माप आहे. नवीन पॉइंटवर गंज रोखणारा थर असतो, तो पेट्रोलने भिजवलेल्या कापडाने पुसावा. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात आणि रोटरखाली तेलाचे दोन थेंब पुरेत; अधिक तेल पॉइंटवर उडून पॉइंटच जाळते. वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी आतील वजने आणि त्यांच्या स्प्रिंग अडखळत नाहीत ना हे पाहावे. रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा वळवून सोडल्यावर त्याने आपोआप मागे यायला हवे. कॅपमध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर ती विजेने कोरलेली वाट असते. अशी कॅप पावसाळ्यात हमखास मिसिंग (मधूनमधून ठिणगी चुकणे) देते, ती फेकून द्यावी.

बसवणे आणि टाइमिंग

या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी मध्यापासून किंचित सरकलेली जीभ असते आणि ती ड्राइव्ह शाफ्टच्या तशाच सरकलेल्या खाचेत बसते. त्यामुळे तो एकाच स्थितीत खाली जातो. ठोकून बसवण्याचा मोह आवरावा. हलका दाब देत रोटर डावी-उजवीकडे हलवला की जीभ सापडते. दुरुस्त केलेला जुना डिस्ट्रिब्युटर विकत घेतला असेल तर ती जीभ पिन काढून उलटी बसवलेली नाही ना, हे आपल्या जुन्या डिस्ट्रिब्युटरशी ताडून पाहावे, कारण तसे झाल्यास सर्व काही बरोबर दिसूनही रोटर चौथ्या सिलिंडरकडे तोंड करतो. ज्या गाड्यांत दातेरी गिअर थेट डिस्ट्रिब्युटरवर असतो, तिथे तो खाली जाताना रोटर काही अंश वळतो. तेवढा अंदाज घेऊन आधीच मागे ठेवावा लागतो.

टाइमिंग कानाने लावणारे कसबी मेकॅनिक नागपुरात आहेत आणि त्यांच्याविषयी आदर आहे, पण घरी काम करणाऱ्याने टेस्ट लॅम्पवरच भिस्त ठेवावी. पुलीवरची खाच मॅन्युअलमधील अंशांवर आणावी. बारा व्होल्टच्या दिव्याची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकाला आणि दुसरी इंजिनला जोडून, बॅटरीची वायर परत लावून चावी ऑन करावी. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला राहतो आणि ते उघडताच पेटतो. या इंजिनाचा रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्युटर प्रथम त्याच उलट दिशेने वळवून दिवा विझवावा, मग रोटर घड्याळाच्या दिशेने हलकेच दाबून धरत डिस्ट्रिब्युटरही घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवावा आणि दिवा पेटण्याच्या क्षणी थांबून क्लॅम्प आवळावा. चावी लगेच बंद करावी, कारण पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते.

रोटर ज्या टोकाकडे पाहतो तिथे पहिल्या सिलिंडरची वायर लावून पुढे घड्याळाच्या उलट दिशेने १-३-४-२ असा क्रम घ्यावा. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या इंजिनात हाच क्रम १-३-२ असतो.

गाडी सुरू झाल्यावर टाइमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) असेल तर व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि आयडलवर खूण पाहावी. रेस वाढवताच खूण पुढे सरकली पाहिजे. ती जागेवरच राहिली तर आतील वजने अडकली आहेत. नंतर नळी जोडून, इंजिन पुरते तापल्यावर, सेमिनरी हिल्सच्या चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून पाहावा. धातूवर खडे पडल्यासारखा आवाज (नॉकिंग) आला तर टाइमिंग पुढे गेले आहे. डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट दिशेने केसभर वळवावा. गाडी सुस्त वाटली आणि इंजिन जास्त तापले तर दुसऱ्या बाजूला. एका वेळी एक-दोन अंशांपेक्षा अधिक हलवू नये, कारण डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश होतात. डिसेंबरच्या थंडीत बरोबर वाटलेले टाइमिंग उन्हाळ्यात नॉकिंग देऊ शकते, तेव्हा ही चाचणी मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा घ्यावी.

नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला लवकर झिजते, गॅप कमी होतो आणि टाइमिंग मागे पडते. काहीशे किलोमीटर झाल्यावर गॅप, त्यापाठोपाठ टाइमिंग आणि क्लॅम्पचा बोल्ट, याच क्रमाने पुन्हा तपासावेत.