काकवी, ग्लुकोज आणि पडद्यावरचं रक्त

शॉर्टफिल्ममधलं रक्त खोटं दिसतं, कारण ते नुसतं लाल असतं. खरं रक्त पातळ पसरलं की लाल, साठलं की काळपट आणि वाळलं की तपकिरी दिसतं. म्हणून आधी तपकिरी तळ बांधायचा, मग त्यावर लाल चढवायचा. हा तळ कोल्हापुरात आयता मिळतो: काकवी. कोको पावडरनेही जमतं, पण काकवीची चमक तिला नाही.

अर्ध्या लिटरला थोडं कमी रक्त हवं असेल तर ४०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, १५० मिली गरम पाणी, २ मोठे चमचे काकवी आणि २ छोटे चमचे कोको घ्या. ग्लुकोज बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. ते इतकं घट्ट असतं की चमचा उभा राहतो, म्हणून डबा आधी गरम पाण्यात ठेवा. कोको चाळून थोड्या पाण्यात पेस्ट करून मगच घाला. थेट टाकलात तर गुठळ्या होतात आणि क्लोज-अपमध्ये त्या चॉकलेटच दिसतात. खाण्याचा लाल रंग पावडरचा असेल तर पाव छोटा चमचा गरम पाण्यात पूर्ण विरघळवून थोडा थोडा ओता. शेवटी निळ्या रंगाचा एकच थेंब. दोन पडले तर रक्ताचं जांभूळ सरबत होतं. तसं झालंच तर आणखी काकवी आणि चिमूटभर पिवळा रंग घालून सावरा.

चाचणी वाटीत बघून करू नका. पांढऱ्या ताटलीवर थेंब टाकून ताटली तिरकी करा: ओघळ लाल आणि खाली साठलेली कड काळपट दिसली पाहिजे. मग त्याच मोबाईलने, त्याच दिव्याखाली, कातडीवर आणि कापडावर शूट करून बघा. मोबाईलचा कॅमेरा लाल रंग भडक करतो, त्यामुळे डोळ्यांना जरा जास्तच गडद वाटणारं मिश्रण बहुतेक वेळा बरोबर निघतं. तालमीच्या हौद्यात शूट असेल तर उलटं करा. तांबड्या मातीत गडद रक्त दिसतच नाही. तिथे कोको निम्मा करा आणि चमक पकडायला दिवा बाजूने लावा. रात्रीच्या सीनला तर रंगापेक्षा गडदपणा आणि चमकच काम करते. याच कोल्हापुरात १९२० साली दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ या मूकपटातला कीचकवध काळ्या-पांढऱ्यात दाखवला, तोही इतका अंगावर येणारा की तो भाग पुढे कापावा लागला.

उसाच्या फडात शूट असेल तर साखरेचं रक्त नेऊच नका. मुंग्या, माश्या आणि गांधीलमाश्या कलाकाराला निवांत मरूही देत नाहीत. त्याऐवजी १ लिटर पाण्याला ५ ग्रॅम झँथन गम घ्या, तो आधी २ चमचे ग्लिसरीनमध्ये कालवा आणि पाणी घोटत त्यात सोडा. कोरडा गम पाण्यात टाकला की माशाच्या डोळ्यांसारख्या गोळ्या होतात आणि त्या फुटत नाहीत. रंग वरच्यासारखाच, फक्त काकवीऐवजी थोडी इन्स्टंट कॉफी.

हळद-चुन्याचं लाल फुकटात होतं, पण चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, शिवाय लिंबाचा किंवा घामाचा आंबटपणा लागला की रंग पुन्हा पिवळा. ते नकोच. कुंकू, शेंदूर आणि रंगपंचमीचे रंगही चेहऱ्यावर नकोत.

जखमेसाठी जिलेटिन, पाणी आणि ग्लिसरीन चमच्याने सारख्या मापात घ्या. जिलेटिन पाण्यात १० मिनिटं फुगू द्या, ग्लिसरीन घाला आणि भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा. उकळू देऊ नका; बुडबुडे येतात आणि पकड जाते. तेल लावलेल्या ताटात ओतून मधे जाड, कडेला कागदाइतकं पातळ ठेवा. कातडीवर मेकअपच्या गमने चिकटवा आणि कडा गरम पाण्यात बुडवलेल्या ब्रशने विरघळवून कातडीत मिसळा. खोटी जखम कडेवरूनच ओळखू येते, वेळ तिथे घाला. मे महिन्यात भर दुपारी हे घामाने सुटतं, तेव्हा असे शॉट सकाळी लावा.

रक्ताच्या गुठळ्या मात्र चायना ग्रासच्या करा. जिलेटिन अंगाच्या उबेनेही मऊ पडतं, चायना ग्रास उन्हात टिकतो. शिवाय तो शाकाहारी आहे, तोंडात गुठळी धरायला कुणी कुरकुरत नाही. लाल-तपकिरी रंगात घट्ट गोठवा आणि हाताने फाडा. सुरीने कापलेली सरळ कड जेलीसारखी दिसते. खाटकाकडून वजडी आणायचा मोह टाळा, दिव्यांखाली तासाभरात वास सुटतो आणि जंतूंचा धोका वेगळाच. उकळून स्वच्छ केलेली मटणाची हाडं मात्र जिलेटिनमध्ये रोवली की नाद खुळा दिसतात.

वाहतं रक्त हवं असेल तर मेडिकलमधून नवा सलाईनचा सेट आणि ५० मिलीची सिरिंज घ्या. सुई काढून टाका, नळी सदऱ्याखालून जखमेपर्यंत चिकटपट्टीने न्या. या नळीसाठी रक्तात तेवढंच पाणी मिसळून गाळून घ्या, नाहीतर कोको अडकतो. शॉटआधी नळी पूर्ण भरून घ्या. हवा राहिली की जखम पचपच आवाज करत थुंकते. नळीवरच्या चाकाने धार कमी-जास्त होते. फटाक्याची दारू लावून गोळी लागल्याचं दाखवायच्या फंदात पडू नका.

तोंडात जाणारं रक्त वेगळ्या बाटलीत ठेवा आणि बाटलीवर ठळक लिहा. कपड्यांवरच्या रक्तात कपाला एक चमचा लिक्विड साबण घातला तर डाग लवकर निघतो, पण तेच तोंडात किंवा डोळ्यांत गेलं तर शूट थांबतं. मेकअपआधी कातडीला खोबरेल तेलाचा पातळ हात द्या, जिथे जखम चिकटवायची ती जागा सोडून. राहिलेला लाल डाग शेव्हिंग फोमने निघतो. कपडे आधी थंड पाण्यातच बुडवा. सदरे एकसारखे किमान तीन घ्या, कारण रक्त लागल्यावर रिटेकला कोरा सदरा लागतोच. उरलेलं रक्त फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. आंबूस वास आला की टाकून द्या.