पेटंटच्या नूतनीकरणाची हुकलेली तारीख : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यातील एका पेटंट एजंटच्या कार्यालयात मी रुजू झाले, तेव्हा स्वतंत्रपणे माझ्याकडे सोपवलेले पहिले काम म्हणजे मंजूर झालेल्या पेटंटच्या नूतनीकरणाच्या तारखा सांभाळणे. पेटंटचा मसुदा लिहिणे किंवा सुनावणीला उभे राहणे यांच्या तुलनेत हे काम कारकुनी समजले जाते आणि म्हणूनच ते नवख्या माणसाच्या वाट्याला येते. ते तसे नाही, हे मला सांगलीकडच्या एका कारखानदारांच्या फाइलने शिकवले.

हळदीला पॉलिश करण्याच्या ड्रमची त्यांची सुधारित रचना होती. अर्ज दाखल झाला ९ सप्टेंबर २०१५ रोजी आणि पेटंट मंजूर होऊन रजिस्टरमध्ये नोंद झाली १८ जानेवारी २०२३ रोजी. मंजुरीला असा उशीर झाला की मधल्या सर्व वर्षांचे नूतनीकरण शुल्क एकदम भरावे लागते आणि त्यासाठी रजिस्टरमधील नोंदीपासून तीन महिने मिळतात. तेही चुकले तर विलंब शुल्क भरून नोंदीपासून नऊ महिन्यांपर्यंत ही मुदत वाढवून घेता येते. लघुउद्योगाच्या दराने तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरवर्षी ८०० रुपये आणि सातव्या ते दहाव्या वर्षासाठी दरवर्षी २,४०० रुपये लागतात. त्यामुळे तिसऱ्या ते आठव्या वर्षाचे मिळून ८,००० रुपये आम्ही मार्चमध्येच भरले आणि फाइल बाजूला ठेवली.

चूक झाली ती त्यानंतरच्या नोंदीत. आमच्या तक्त्यात पुढची तारीख १८ जानेवारी २०२४ अशी लिहिली गेली, म्हणजे मंजुरीपासून एक वर्ष. वास्तविक पेटंटची २० वर्षांची मुदत अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मोजली जाते आणि प्रत्येक वर्षाचे शुल्क आधीचे वर्ष संपण्यापूर्वी भरायचे असते. नवव्या वर्षाचे शुल्क ९ सप्टेंबर २०२३ पर्यंतच भरायला हवे होते. नवीन माणसाची गल्लत बहुतेक वेळा याच ठिकाणी होते. परदेशातील आधीच्या अर्जाचा अग्रक्रम घेतलेला असेल, म्हणजे त्या अर्जाची आधीची तारीख शोधासाठी मागून घेतलेली असेल, तरी अग्रक्रमाची तारीख धरायची नाही, भारतात अर्ज दाखल केल्याची धरायची. अर्ज पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य करारामार्गे आलेला असेल, तर आंतरराष्ट्रीय अर्जाची तारीख धरायची. मूळ शोधातील सुधारणेसाठी घेतलेल्या पुरवणी पेटंटला मात्र वेगळे नूतनीकरण शुल्क नसते.

२९ जानेवारी २०२४ रोजी मी शुल्क भरायला बसले. भरण्याआधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्टर उघडले, तर नवव्या वर्षासमोर ‘नॉर्मल ड्यू डेट’ या रकान्यात ९ सप्टेंबर २०२३ आणि शेजारच्या ‘ड्यू डेट विथ एक्स्टेंशन’ या रकान्यात ९ मार्च २०२४ अशा तारखा दिसत होत्या. हे दोन रकाने मी त्यापूर्वीही अनेकदा पाहिले होते, पण आमच्या तक्त्याशी ताडून कधीच पाहिले नव्हते. कारखानदारांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी पैसे पाठवले की!” त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. चूक सर्वस्वी आमच्याकडची होती आणि ती मी त्यांना त्याच फोनवर सांगितली. अशा वेळी अशिलापासून काही लपवू नये, कारण मुदत पुढे सरकत असते आणि निर्णय त्यांना घ्यायचा असतो.

मूळ तारखेनंतर सहा महिन्यांपर्यंत फॉर्म ४ भरून मुदतवाढ मागता येते. औद्योगिक संपत्तीविषयीच्या पॅरिस करारातही किमान सहा महिन्यांच्या सवलतीची तरतूद आहे आणि भारत १९९८ पासून त्या कराराचा सदस्य आहे. विलंब शुल्क महिन्याच्या हिशेबाने लागते. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना महिन्याला ४८०, तर मोठ्या कंपन्यांना २,४०० रुपये. आमचा पाचवा महिना चालू होता, म्हणून २,४०० रुपयांच्या शुल्कावर तेवढेच, म्हणजे २,४०० रुपये विलंब शुल्क बसले. ते आमच्या कार्यालयाने सोसले. शुल्काचा दर ठरवण्यापूर्वी पेटंटचा मालक आजही लघुउद्योगच आहे का, हेही विचारून घ्यावे. पेटंट मोठ्या कंपनीकडे गेले असेल, तर जुन्या दराने भरलेले शुल्क अपुरे ठरते.

त्या फोनवर कारखानदारांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत कोणीतरी तसाच ड्रम तयार करू लागल्याची कुणकुण त्यांना लागली होती. मग या पाच महिन्यांत पेटंट होते की नव्हते? वाढीव मुदतीत शुल्क भरले की पेटंट अखंड राहते, त्यामुळे उत्तर दिलासा देणारे होते. ९ मार्च उलटून गेला असता, तर मात्र पेटंट ९ सप्टेंबर २०२३ पासूनच संपुष्टात आले असे धरले गेले असते. त्यानंतर उरतो तो फॉर्म १५ भरून पुनरुज्जीवनाचा अर्ज. त्याची १८ महिन्यांची मुदत पेटंट संपुष्टात आल्याच्या दिवसापासून मोजायची असते, वाढीव सहा महिने संपल्यापासून नव्हे. शुल्क भरायचे हेतुपुरस्सर राहिले नव्हते आणि अर्ज करण्यातही अवाजवी विलंब झालेला नाही, हे कंट्रोलरला, म्हणजे पेटंट कार्यालयातील निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला, पुराव्यानिशी पटवावे लागते. म्हणून पत्रे, ईमेल आणि तक्त्याच्या जुन्या प्रती कधीही फेकू नयेत. अर्ज पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर दोन महिन्यांत हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. शिवाय अर्ज मान्य झाला, तरी पेटंट संपल्यापासून अर्ज प्रसिद्ध होईपर्यंतच्या काळातील उल्लंघनाबद्दल दावा लावता येत नाही. शेजारच्या वसाहतीतील त्या ड्रमसाठी तेवढी फट पुरेशी ठरली असती.

आता मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या तक्त्यातील प्रत्येक देय तारीख ई-रजिस्टरशी ताडून पाहते आणि शेजारी अर्ज दाखल केल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहिते. हे कंटाळवाणे आहे, पण मी ते दुसऱ्यावर सोपवत नाही. मार्च २०२४ मध्ये नियमांत बदल होऊन किमान चार वर्षांचे शुल्क ऑनलाइन आगाऊ भरणाऱ्यांना दहा टक्के सूट मिळू लागली. त्याच ऑगस्टमध्ये कारखानदारांनी दहाव्या ते तेराव्या वर्षाचे १६,८०० ऐवजी १५,१२० रुपये एकदम भरले. त्यांच्या ओळीत आता ९ सप्टेंबर २०२८ ही तारीख आहे.