मेंदी शिकायचीय? आधी भिजवायला शिका

शिकायला येणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, ब्रायडल कधी शिकवणार?" मी त्यांच्यापुढे आधी पावडर आणि लिंबू ठेवते. नक्षी सरावाने येते. पण भिजवण बिघडली तर कितीही नाजूक काढलेला हात फिकाच राहतो.

पावडर चांगली घ्या. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातली सोजतची मेंदी नावाजलेली, तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पावडर वस्त्रगाळ हवी, कारण एक बारीकशी काडी कोनाच्या टोकात अडकली की रेघ तुटते.

१०० ग्रॅम पावडरीत गाळलेला लिंबाचा रस घालून गुठळ्या मोडा, मग दोन-तीन चमचे साखर आणि साधारण ३० मिली निलगिरीचं तेल. साखरेने मेंदी हाताला धरून राहते, तेलाने रंग खुलतो. झाकून आठ-दहा तास ठेवा. उन्हाळ्यात लवकर मुरते, थंडीत वेळ घेते. वरचा थर तपकिरी होऊन आत हिरवं राहिलं, की तळहातावर ठिपका ठेवून पाच मिनिटांनी पुसून बघा. केशरी डाग उमटला तर कोन भरा. मेंदीतला लॉसोन नावाचा रंग त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला धरतो, म्हणून जाड कातडीच्या तळव्यावर गडद चढतो आणि मनगटाच्या वर फिकट. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, नंतरची कुरकुर टळते.

हात बसवायला डिझाइनच्या कागदावर पारदर्शक प्लास्टिक ठेवा आणि त्यावर गिरवा, पुसा, पुन्हा गिरवा. कोनाचं टोक कातडीला टेकवायचं नाही. किंचित वर धरून मेंदीचा धागा खाली सोडायचा, हात पुढे न्यायचा. वेलीची वळणं अशीच गोल येतात. आठवडाभर नुसत्या सरळ रेघा आणि थेंब काढा, कंटाळा आला तरी.

मेंदी सहा-आठ तास राहू द्या. पाण्याने धुवायची नाही, खरवडून काढायची आणि खोबरेल लावायचं. पहिल्या दिवशी केशरी दिसते; खरा रंग दोन दिवसांत येतो, म्हणून नवरीची मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी लावलेली बरी.

आता सगळ्यात कळकळीचं. "काळी मेंदी", "दहा मिनिटांत रंग" असे कोन हातात धरू नका. खरी मेंदी काळीकुट्ट रंगत नाही. काळ्यात बहुधा केस काळे करायच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याने फोड येतात, डाग राहतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे केसांचा डायसुद्धा सोसत नाही. ताजी भिजवलेली मेंदी बाहेर तीन-चार दिवसांत दम सोडते, म्हणून आपण कोन फ्रीझरमध्ये ठेवतो. दुकानात महिनोन्‌महिने बाहेर पडून राहिलेला कोन रंगतोच कसा, हे विकणाऱ्याला विचारा. तान्ह्या बाळांच्या हातावर तर खरी मेंदीही मी लावत नाही. जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांना तिने रक्ताचा त्रास होऊ शकतो. आजी नाराज झाली तरी चालेल.