हॉर्न बिनसाठी बदली स्पीकर निवडताना : मर्यादित पैशांतला अनुभव

डिप्लोमा पूर्ण करून मी मामांच्या साउंडच्या व्यवसायात आलो, तेव्हा पुण्यातल्या नऱ्ह्याच्या गोदामात एका भिंतीला चार जुने अठरा इंची हॉर्न बिन, म्हणजे आत कर्ण्यासारखी वळणदार वाट असलेली बेसची खोकी, टेकवून ठेवलेले होते. खोकी भक्कम प्लायवूडची होती, आतले स्पीकर मात्र केव्हाच जळून गेले होते आणि मामांनी ते मॅग्नेटसकट भंगारात घातले होते. चारही बिन गणेशोत्सवापूर्वी चालू करायचे आणि खर्च पन्नास हजारांच्या आत बसवायचा, हे माझे पहिले स्वतंत्र काम. ते मी चुकवले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी तीच चूक पुन्हा पैसे मोजून शिकू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो आणि आपल्याकडे सर्रास विचारला जातो तोच प्रश्न विचारला : "अठरा इंची, जास्तीत जास्त वॉटचा कोणता आहे?" दुकानदाराने पंधराशे वॉट छापलेला, मोठ्या मॅग्नेटचा स्पीकर समोर ठेवला. मी चार घेतले. गोदामात ते छान वाजले, पण पहिल्या मोठ्या कार्यक्रमात तासाभरातच एका बिनमधून कागद फाटल्यासारखा फरफर आवाज येऊ लागला. दुसऱ्या दिवशी मागची फळी उघडली तेव्हा तापलेल्या वार्निशचा वास आला. कॉइल (मॅग्नेटमधली तारेची गुंडाळी) जेथे कोनाला (हलून आवाज काढणाऱ्या पडद्याला) चिकटते, तेथे कोनाला अर्धगोल चीर पडली होती, आणि कोनाच्या पुढच्या अंगावर हॉर्नच्या घशाच्या कडेला समांतर अशी एक सरळ वळी उमटली होती. ती वळी पाहून मामा एवढेच म्हणाले, "अरे, खोक्याने चावलाय तो."

मामांचे ते वाक्य तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होते. साध्या पोर्ट असलेल्या खोक्यात कोनासमोर मोकळी हवा असते. हॉर्नमध्ये मात्र कोनाच्या समोर त्याच्यापेक्षा बराच लहान घसा असतो आणि कोनाने ढकललेली सगळी हवा त्या अरुंद वाटेने जाते. हवेचा हा भार असल्यामुळेच हॉर्न तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज देतो, पण त्या भाराचा दाब कोनावरच येतो. त्यामुळे हॉर्नचा स्पीकर निवडताना सुरुवात दुकानापासून नव्हे, तर आपल्या खोक्यापासून करावी लागते. मी टेप घेऊन खोके मोजायला बसलो ते पैसे गेल्यानंतर.

आमच्या बिनचा घसा ४८ सेंटीमीटर रुंद आणि साडेनऊ सेंटीमीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४५६ चौरस सेंटीमीटर भरले. अठरा इंची कोनाचे कामाचे क्षेत्रफळ साधारण १२०० चौरस सेंटीमीटर असते. या दोहोंचे गुणोत्तर २.६ आले. याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. बेस हॉर्नमध्ये तो दोन ते तीनच्या आसपास असेल तर बहुतेक चांगले प्रोफेशनल कोन टिकतात. चारकडे जाऊ लागला की कोन विशेष कडक आणि त्याचा गळा, म्हणजे कॉइल चिकटते तो भाग, विशेष मजबूत असावा लागतो. स्पीकर बसतो तो मागचा बंद कप्पा आतून मोजला, स्पीकरने व्यापलेली जागा वजा केली आणि सुमारे ६२ लिटर हाती आले. शेवटी घशापासून तोंडापर्यंत वळणांच्या मधोमध सुतळी धरून हॉर्नची लांबी मोजली. ती २.१ मीटर निघाली. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर पाव तरंगलांबीच्या हिशोबाने हा हॉर्न सुमारे ४१ हर्ट्झपर्यंत साथ देतो आणि त्याखाली कोनावरचा भार सुटत जातो. म्हणजे याच्याकडून ३० हर्ट्झची अपेक्षा ठेवणे हा वेडेपणा होता आणि मी नेमके तेच करत होतो.

हे तीन आकडे हातात आल्यावर स्पीकरच्या माहितीपत्रकाकडे वळावे. दुकानात ‘ड्रायव्हर’ म्हटले तर अनेकदा टॉपमधला (वरच्या सुरांच्या खोक्यातला) कॉम्प्रेशन ड्रायव्हर पुढे येतो, म्हणून ‘बेसचा स्पीकर’ असेच म्हणावे आणि त्याचे थील-स्मॉल पॅरामीटर, म्हणजे स्पीकरचा स्वभाव सांगणारे मोजलेले आकडे, असलेला कागद मागावा. कागद नसेल तर मी आता तो स्पीकर घेत नाही, मग किंमत कितीही मोहात पाडणारी असो. त्या कागदावर वॉटच्या आधी बीएल आणि क्यूटीएस पाहावेत. बीएल म्हणजे कॉइल आणि मॅग्नेट मिळून होणाऱ्या मोटरची ताकद. तिचा वर्ग करून कॉइलच्या डीसी रेझिस्टन्सने भागावे. मी आधी घेतलेल्या स्पीकरचा बीएल १९ आणि रेझिस्टन्स ५.८ ओहम होता. भागाकार ६२ आला. नंतर घेतलेल्याचा बीएल २८ आणि रेझिस्टन्स ५.३ ओहम, भागाकार १४८. व्यास तोच, पण मोटर दुपटीहून अधिक ताकदवान. आधीच्या स्पीकरचा मोठा दिसणारा मॅग्नेट वरचे पत्र्याचे झाकण काढल्यावर बराच लहान निघाला. मॅग्नेटच्या आकारावरून ताकद ओळखणे हे बाजारातल्या कलिंगडावर टिचकी मारण्याइतकेही भरवशाचे नाही.

क्यूटीएस हा आकडा कोनाचे झोके मोटर आणि सस्पेन्शन (कोनाला धरून ठेवणाऱ्या लवचिक कडा) मिळून किती लवकर आवरतात ते सांगतो. हॉर्नसाठी तो साधारण ०.२ ते ०.३५ असावा. आमच्या आधीच्या स्पीकरचा ०.४९ होता, म्हणजे तो मोकळ्या किंवा मोठ्या खोक्यांसाठी बनवलेला. त्याचा व्हीएएस, म्हणजे त्याच्या सस्पेन्शनइतकी लवचिक असणाऱ्या हवेचे माप, २८० लिटर होता. इतका सैल स्पीकर ६२ लिटरच्या कप्प्यात कोंडला की त्याचा मूळचा ३५ हर्ट्झचा रेझोनन्स (कोन आपणहून झुलतो तो सूर) ८२ पर्यंत चढतो आणि क्यू, म्हणजे खोक्यात बसल्यावरचा क्यूटीएस, १.१५ होतो, त्यामुळे बेस एकाच सुरावर फुगतो. गोदामात ‘छान वाजले’ असे आम्हांला वाटले ते याच फुगीर बेसमुळे. नव्या स्पीकरचा क्यूटीएस ०.२९ आणि व्हीएएस २१० लिटर आहे. त्याच कप्प्यात त्याचा क्यू ०.६ राहतो. हे हिशोब हातानेही होतात, परंतु ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅकबीन यांचे हॉर्नरिस्प हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर शिकून घ्यावे. त्याची खिडकी पहिल्या दिवशी भिंतीसारखी वाटते, पण घसा, तोंड, लांबी, मागचा कप्पा आणि स्पीकरचे आकडे भरले की कोन कोणत्या हर्ट्झला किती मिलिमीटर हलेल याचा आलेख समोर येतो. खरेदीआधी मला तोच पाहायला हवा होता.

वॉटच्या बाबतीत एवढेच सांगतो की एईएस (सतत सोसण्याची क्षमता), प्रोग्रॅम (चढउतार असलेल्या संगीताची) आणि पीक (क्षणभराची) हे तीन वेगळे आकडे आहेत. प्रोग्रॅम हा सहसा एईएसच्या दुप्पट आणि पीक चौपट छापतात; तुलना करायची ती एईएसशीच. वॉट दुप्पट करून मिळणारी वाढ तीन डेसिबलची, तीसुद्धा कॉइल तापेपर्यंत. तापल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि आवाज आपोआप बसतो.

आता पैशांचा प्रश्न. इटलीचे किंवा स्पेनचे चार नवे स्पीकर पन्नास हजारांत येणे शक्य नव्हते. माझ्यापुढे तीन मार्ग होते : भारतीय बनावटीचे नवे, वापरलेले चांगले, किंवा रिकोन केलेले, म्हणजे जुन्या मॅग्नेट-फ्रेममध्ये नवा कोन आणि कॉइल बसवलेले. नवख्या माणसाने रिकोनचा मार्ग सर्वांत आधी तपासावा असे माझे मत आहे, कारण महाग असतो तो मॅग्नेट आणि फ्रेम, आणि ते बहुधा शाबूत असतात. मामांनी भंगारात घातलेले चार मॅग्नेट आठवले की अजूनही जीव हळहळतो. मात्र रिकोन कंपनीच्या मूळ किटनेच करावा. बाजारातला ‘फिट होतो’ म्हणून दिलेला कोन वजनाला वेगळा असतो आणि वजन बदलले की वर सांगितलेले सगळे आकडे बदलतात.

वापरलेला स्पीकर घेताना मी मल्टिमीटर बरोबर नेतो. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल ५ ते ६.५ ओहमच्या दरम्यान दाखवते. ती एखाद्या ओहमने कमी आली तर आतले वेढे शॉर्ट झाले असण्याचा संभव असतो. मग दोन्ही हातांची बोटे कोनाच्या मध्याभोवती सारखी ठेवून तो हळूच आत दाबायचा. वाळू घासल्यासारखी खरखर हाताला लागली तर कॉइल गॅपमध्ये (मॅग्नेटच्या फटीत) घासते आहे, तो स्पीकर तेथेच ठेवून निघावे. अखेर आम्ही दोन वापरलेले आणि दोन मूळ किटने रिकोन केलेले, असे एकाच मॉडेलचे चार स्पीकर जमवले. या शोधात दोन महिने गेले आणि तो गणेशोत्सव आम्ही भाड्याच्या बेसवर काढला. मॉडेल एकच असण्याचा आग्रह मी सोडला नाही, कारण हॉर्न बिन एकमेकांना चिकटून रचले की त्यांची तोंडे मिळून एक मोठे तोंड होते आणि खालचा बेस भरतो. त्यात एक स्पीकर वेगळ्या मिजाशीचा निघाला तर तो बाकीच्या तिघांशी भांडत बसतो.

बसवण्यापूर्वी भोकांचे अंतर आणि मॅग्नेटची खोली जुळते ना, हे पुठ्ठा कापून पाहावे. आमच्या एका कप्प्यात मॅग्नेट मागच्या फळीला टेकत होता. बसवल्यावर दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर लावावा. धन टोक लाल टर्मिनलला लावल्यावर चारही कोन एकाच दिशेला उडाले पाहिजेत. कडेची गॅस्केट नीट बसली नाही, तर मागच्या कप्प्यातून हवा शिटी घालते. प्रोसेसरमध्ये ४० हर्ट्झला २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर, लावल्याखेरीज हे बिन आम्ही कोणाच्याही हातात देत नाही, कारण माझे पहिले स्पीकर फाटण्यात चुकीच्या निवडीइतकाच या न लावलेल्या फिल्टरचाही वाटा होता. चारही कॉइलचे रेझिस्टन्स मी गोदामातल्या वहीत तारखेसह लिहून ठेवतो : ५.३, ५.३, ५.४, ५.३. विसर्जनानंतर खोकी धुऊन पुसून झाली की पुन्हा मोजतो, आणि आकडा हलला असेल तर तो बिन आधी उघडतो.