फौजी माणसाला नाव कोरलेला चाकू द्यायचाय? हे वाचून मग दुकानात जा

कोकणात वाडीगणिक एक तरी माणूस वर्दीत असतो. खेड, दापोली, मंडणगडकडचे पायदळात, किनाऱ्यावरचे नौदलात नाहीतर तटरक्षक दलात. गणपतीला किंवा शिमग्याला तो सुट्टीवर आला की घरच्यांना त्याला काहीतरी टिकाऊ द्यायचं असतं, आणि त्यात खिशातला घडीचा चाकू हे नाव हमखास निघतं. भेट म्हणून तो उत्तमच. फक्त बाजारात यावर मिळणारे सल्ले बहुतेक कुचकामी आहेत. आमच्या घरातल्या आणि वाडीतल्या कितीतरी जणांसाठी मी असे चाकू निवडून, नाव घालून आणले आहेत. त्यातून पक्क्या झालेल्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, हे हत्यार नव्हे, अवजार आहे. हत्यार त्याला सरकार देतं. खिशातला चाकू लागतो दोरी कापायला, पाकीट फोडायला, डबा उघडायला, सफरचंद चिरायला, सैल झालेला स्क्रू आवळायला. स्विस सैन्याने १८९० च्या सुमारास सैनिकांसाठी जो घडीचा चाकू ठरवला, त्यातही एक पातं, एक टोच्या, डबा फोडायची पट्टी आणि रायफल खोलायला पेचकस एवढंच होतं. म्हणून काळंकुट्ट, दातेरी, 'कमांडो' लिहिलेलं जे काही काचेच्या कपाटात लावलेलं असतं, ते तिथेच राहू द्या.

आधी विचारा, मग घ्या

त्याच्या युनिटमध्ये किंवा जहाजावर स्वतःचा चाकू ठेवायला चालतो का, हे त्यालाच विचारा. भेट गुपित ठेवायच्या नादात हा प्रश्न टाळू नका.

कायद्याचं थोडक्यात: शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरकाम-शेतीकामाचे सोडून. खिशातल्या चाकूचं पातं अडीच-तीन इंचांचं असतं, त्यामुळे तो त्या मापाच्या खूप आत राहतो. पण बटण दाबताच फटकन उघडणारा चाकू मात्र घेऊ नका. त्याचा कामाला उपयोग शून्य आणि पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसावं लागतं. पावती जपून ठेवा.

पोलाद

दुकानदार हमखास चुंबक काढतो. "बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल स्टेनलेस." हे ऐकलं की दुसरं दुकान गाठा. ज्या पोलादाला कडक करून धार धरायला लावता येतं, त्या सगळ्या चाकूच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतंच. न चिकटणारं स्टेनलेस आपल्या डब्याचं आणि ताटाचं. त्याला धार लावली तरी ती चार दिवस टिकत नाही.

खरा प्रश्न आहे तो खाऱ्या हवेचा. मालवण, वेंगुर्ला, हर्णै कुठेही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने बिजागऱ्यांचं आणि खिडकीच्या गजांचं काय होतं ते पाहिलेलंच असतं. स्टेनलेसवर क्रोमियममुळे एक अतिशय पातळ थर धरतो आणि तो पोलादाला वाचवतो. हवेतलं मीठ त्या थराला बारीक बारीक टोचे पाडतं. म्हणून इथे १३ ते १५ टक्के क्रोमियम असलेलं आणि कार्बन बेताचा असलेलं पोलाद हवं. पात्यावर किंवा खोक्यावर १२सी२७, १४सी२८एन, १.४११० असं काही लिहिलेलं असेल तर निर्धास्त घ्या. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचे चाकू याच जातीच्या पोलादाचे, आणि ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा घेणार असाल तर 'इनॉक्स' (म्हणजे स्टेनलेस) लिहिलेलाच, 'कार्बन' लिहिलेला नको. कडकपणा ५५ ते ५८ एचआरसी (हे पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) पुरे. त्याहून कडक पातं जास्त दिवस धार धरतं खरं, पण बराकीत बसून साध्या दगडावर लावायला घेतलं की जीव काढतं.

डी२ नावाचं पोलाद सध्या 'टिकाऊ' म्हणून खूप विकलं जातं. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण कार्बन दीड टक्का असल्याने बरंचसं क्रोमियम त्याच्याशीच बांधलं जातं आणि गंजापासून वाचवायला थोडंच उरतं. घाटावर ठीक आहे, किनाऱ्यावर नको. लाटालाटांच्या नक्षीचं 'दमास्कस' तर भेट म्हणून अजिबात देऊ नका. त्यातली बहुतेक पाती साध्या कार्बन पोलादाची असतात आणि एका पावसाळ्यात नक्षीच्या रेघेरेघेत तांबूस गंज बसतो.

लॉक आणि उघडझाप

पातं उघडून मुठीला धरून हलवा. डावी-उजवीकडे जराही डुगडुगलं तर नको. उघडलेलं पातं अडकवून धरणाऱ्या लॉकचा चाकू घेत असाल तर लॉक 'टक' असं स्पष्ट बसलं पाहिजे. थंडीच्या ठिकाणी असेल तर हातमोजे घालून उघडून पाहा.

मूठ

नाव मुठीवरच यायचं आहे, त्यामुळे ती निवडताना कोरणाऱ्याचाही विचार करावा लागतो. लाकडी मूठ दिसायला सुरेख, पण आपल्या पावसात फुगते आणि पातं आत अडकून बसतं. नौदलातल्या मुलाला तर लाकूड नकोच. पितळ कळकतं. काचतंतूंची जी१० मूठ मजबूत असते, पण तिच्यावर अक्षर स्वच्छ उमटत नाही. माझी पसंती ॲनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर कडक रंगीत थर चढवलेल्या ॲल्युमिनियमला. ती गंजत नाही, तिच्यावर अक्षर पांढरं स्वच्छ उमटतं आणि हातात घट्ट बसते. फक्त लडाख-सियाचीनकडे बदली झालेल्याला धातूची मूठ उघड्या हाताला चटका देते. त्याच्यासाठी प्लॅस्टिकची मूठ घ्या, जिच्यात धातूची छोटी पट्टी बसवलेली आहे, आणि नाव त्या पट्टीवर घाला.

नाव कोरणं

सगळा घोळ इथे होतो. चाकू पाच मिनिटांत पसंत पडतो. नाव नीट कोरून घ्यायला मात्र मला बऱ्याच वर्षांच्या खेपा घालाव्या लागल्या आहेत. हा भाग शांतपणे वाचा.

पात्यावर नाव घालू नका. सगळेजण पात्यावरच सुचवतात, कारण फोटोत छान दिसतं. लेझरच्या उष्णतेने नेमका तो वाचवणारा थर त्या रेघेपुरता बिघडतो, आणि खोल रेघेत मीठ-घाम साचून राहतो. आपल्या हवेत गंज पहिल्यांदा नावातच धरतो. शिवाय पातं दगडावर घासलं जाणार, त्यावर चरे पडणार. नाव मुठीवर हवं, म्हणजे ते कशाला घासलं जात नाही.

मग यंत्र. तालुक्याच्या गावात नेमप्लेट, ट्रॉफी, ॲक्रिलिकची अक्षरं करून देणाऱ्यांकडे बहुतेक सीओटू लेझर असतं. ते लाकूड आणि ॲक्रिलिक झकास कोरतं, ॲनोडाइज ॲल्युमिनियमचा रंगही उडवून अक्षर उमटवतं, पण नुसत्या पोलादावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. पोलादाला फायबर लेझर लागतं. आत पाय ठेवताच विचारा, "फायबर आहे की सीओटू?" उत्तर अडखळत आलं तर चाकू पिशवीतच राहू द्या.

आता खरी अडचण, म्हणजे आपली लिपी. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, यंत्राला ती सोपी. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, जोडाक्षर मध्ये आणि सगळ्यांवरून शिरोरेषा. लेझरचं सॉफ्टवेअर आणि दुकानातलं जुनं कोरलड्रॉ (चित्र-अक्षरं मांडायचा प्रोग्रॅम) या गोष्टी जोडत नाही. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेलं नाव तिथे उघडलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, 'प्र' फुटून हलन्त 'प्' आणि सुटा 'र' असा दिसतो. मग काउंटरवरचा मुलगा ते जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करतो, आणि ऱ्हस्व-दीर्घ त्याच्या मनाने पडतं. एका दुकानात 'प्रवीण'चा 'प्रविण' करून वर "चालतं हो साहेब, सगळे असंच लिहितात" असं ऐकवलं होतं. चालत नाही. त्याचं नाव आहे ते, आणि एकदा कोरलं की खोडता येत नाही.

म्हणून नाव तुम्हीच तयार करून न्या. घरी किंवा ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे 'मुक्त' किंवा 'बालू' यांसारखा सारख्या जाडीच्या रेघांचा फॉन्ट घ्या. दोन्ही फुकट मिळतात. सुलेखनाचे फॉन्ट टाळा, त्यांच्या बारीक रेघा एवढ्या लहान आकारात गायब होतात. नाव लिहून झालं की ते कर्व्हमध्ये बदलायला सांगा, म्हणजे फॉन्ट नसला तरी अक्षरांचा आकार तसाच राहतो, आणि त्यानंतर वेल्ड, म्हणजे सगळे आकार एकात एक जोडायला सांगा. हे वेल्ड शेकडा नव्वद लोक विसरतात. कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. लेझर भरताना ती चढलेली जागा रिकामी सोडतं, आणि शिरोरेषेवर जागोजागी खिडक्या पडल्यासारखं दिसतं. वेल्ड केलं की सगळी रेघ एकसंध होते. ही फाइल पीडीएफ करून न्या, फोटो नको. फोटोवरून कोरलेल्या अक्षराच्या कडा पायऱ्यांसारख्या येतात.

अक्षराचा आकार शिरोरेषेपासून खाली निदान चार मिलिमीटर ठेवा. मुठीवर जागा कमी असेल तर मजकूर कमी करा, अक्षर लहान करू नका. अनुस्वार आणि विसर्ग तर बोट ठेवून तपासा. नौदलातल्या एकासाठी 'शं नो वरुणः' हे नौदलाचं ब्रीदवाक्य कोरायचं होतं. नमुन्यात 'शं'वरचा ठिपका मुठीच्या टेक्श्चरमध्ये हरवला होता आणि विसर्गाचे दोन ठिपके एक झाले होते. ठिपके फाइलमध्ये हाताने थोडे मोठे केले, तेव्हा जमलं. नमुना आधी ॲल्युमिनियमच्या रद्दी तुकड्यावर काढायला लावाच. दुकानदार कुरकुरला तर त्याचे वेगळे पैसे द्या.

काय लिहायचं? पहिलं नाव आणि गावाचं नाव. पुरे. हुद्दा घालू नका, दोन वर्षांत नाईकचा हवालदार होतो आणि चाकूवर जुनाच हुद्दा राहतो. युनिटचं नाव, सैनिक क्रमांक, नेमणुकीचं ठिकाण यातलं काहीही नको. चाकू हरवण्याची वस्तू आहे आणि ती माहिती कुणाच्या हाती पडू नये. रेजिमेंटचं चिन्हही नको, त्यातली बारीक नक्षी दोन सेंटिमीटरच्या जागेत नुसती डागासारखी दिसते.

आणि लेझरवाला मनासारखा मिळालाच नाही तर? भांड्यांच्या दुकानात जा. लग्नाच्या पातेल्यांवर आणि तांब्यांवर मशीनच्या पेनने टिक-टिक करत नाव घालणारा माणूस अजून बऱ्याच गावांत आहे. त्याला फॉन्ट लागत नाही, त्याची मात्रा कधी चुकत नाही. कडक पात्यावर त्याचं टोक घसरतं, पण ॲल्युमिनियमच्या मुठीवर सुंदर बसतं. मला विचाराल तर वाईट लेझरपेक्षा हे हस्ताक्षर कितीतरी सरस.

तेल

चाकूबरोबर शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली द्या. खोबरेल नको. घराघरात तेच हाताशी असतं म्हणून बिजागरीत तेच घातलं जातं, पण ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. चिपळूणला थंडीत बाटलीत गोठतं, मग काश्मीरला काय होईल? पातं उघडणार नाही. शिवाय ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरतं.

समुद्राचं पाणी उडालं तर गोड्या पाण्याने धुवायचं, फडक्याने पुसायचं, बिजागरीत एक थेंब. चाकू चामड्याच्या पाकिटात घालून महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडं दमट राहतं आणि गंज आतून धरतो. पाकीट द्यायचंच असेल तर कॅनव्हासचं.

देताना

खंडेनवमीला तो घरी असेल तर कोयती-विळ्यांबरोबर चाकूचीही पूजा होणार. होऊ दे, पण ओलं गंध आणि फूल पात्यावर रात्रभर ठेवू नका. सकाळपर्यंत तिथे डाग बसतो आणि तो घासूनही पुरता जात नाही. पूजा झाली की पुसून एक थेंब तेल लावा.

धार तुम्ही लावू नका, कारखान्याची धार त्याला पुष्कळ दिवस पुरते. परत जाताना रेल्वेने जाणार असेल तर चाकू बॅगेच्या तळाशी जाऊ दे. विमानाने जाणार असेल तर चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत कधीच नाही. हे डबा हातात देतानाच बजावून सांगा, कारण तपासणीत निघाला तर तो तिथेच सोडून जावा लागतो.